हत्ती भायखळ्याला असतो

पूर्वी नातवंडं सुट्टीत राहायला येत नसत, आणून सोडली जात. निकाल लागला की पोर आणि पत्र्याची ट्रंक, दोन्ही आजोळच्या दारात ठेवून आईबाप परत जात आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात उचलून नेत. मधल्या दीड महिन्यात त्या पोराचं काय करायचं, हा प्रश्न कोणाला पडल्याचं मला आठवत नाही. आमच्या गिरगावातल्या चाळीत मे महिन्यात खोलीगणिक दोन-चार भाचरं वाढलेली असत. दिवसभर गॅलरीत पत्ते कुटायचे, दुपारी ज्या खोलीत पंखा असेल तिथे आडवं व्हायचं, संध्याकाळी चौपाटी. सगळ्या सुट्टीत मिळून एकदा राणीची बाग, आणि तीही ट्रामने, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी घेऊन. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. ट्रामबद्दल मला जे आठवतं त्यातलं पाहिलेलं किती आणि आईकडून ऐकलेलं किती, हे आता तपासणार कोण!

चाळ गेली, तिच्या जागी टॉवर आला, आम्ही त्याच्या नवव्या मजल्यावर चढलो. आता बंगळुरूहून लेकीचा फोन येतो, "आई, हिला पाच-सहा दिवस ठेवून घेशील? पण नुसती घरात बसवू नकोस हं, कुठेकुठे ने." पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर सूचना. उन्हात जायच्या आधी सनस्क्रीन. टीव्ही अर्धा तास. साखर शक्यतो नाही. बाहेरचं पाणी मुळीच नाही. आणि 'बर्फाचा गोळा' हे दोन शब्द कमी पडतील म्हणून की काय, पुढे तीन उद्गारचिन्हं. याच मुलीला मी चौपाटीवरून जांभळी जीभ आणि जांभळा फ्रॉक घेऊन परतताना कितीदा तरी पाहिलेलं आहे. पण आई झाल्यावर माणसाचा भूतकाळ निर्जंतुक होतो.

आमच्या ह्यांना मात्र सूचना मनापासून आवडल्या. आयुष्य सरकारी फायलींत गेलेला माणूस; निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याकडे काम सोपवलं होतं. नातीचे आबा त्या रात्री फुलस्केप कागद घेऊन बसले आणि पट्टीने रकाने आखले. वार, ठिकाण, वाहन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'राणीची बाग बुधवारी बंद', 'घारापुरी सोमवारी बंद', 'घारापुरी – सीगल दाखवणे', 'टोपी अनिवार्य'. खाली डाव्या कोपऱ्यात तारीख आणि स्वतःची सही. सही कशाला, असं मी विचारलं नाही.

पहिला मान मेट्रोला. गिरगावची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झाली. त्याआधी किती वर्षं आम्ही रस्त्यातल्या पत्र्यांच्या कडेकडेने भाजी आणली, त्याचा हिशेब आबांनी स्टेशनात उतरता उतरता नातीला ऐकवला. ती म्हणाली, "आमच्याकडे पण आहे मेट्रो." विषय संपला. पण मग तिला सरकता जिना दिसला. खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. आबा वरच्या टोकाला, मी खालच्या टोकाला, मधे ही. गाड्या येत होत्या, जात होत्या. तक्त्यात जिन्याला रकाना नव्हता, म्हणून आबांनी घरी आल्यावर तो शेऱ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी राणीची बाग. १८६२ साली खुली झालेली ही बाग. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला सांगताना सगळे राणीची बागच सांगतात. आमच्या लहानपणी लोक तिथे वाघ-सिंह बघायला जात, आता पेंग्विन बघायला जातात. बाहेर अंगाची लाही होत असताना काचेच्या पलीकडे ते बंदगळ्याच्या कोटातले सद्गृहस्थ ऐटीत फिरतात आणि काचेच्या अलीकडचे लोक 'वा, काय गार आहे!' म्हणत रेंगाळतात. पेंग्विनकडे पाठ करून वाऱ्याच्या झोताखाली डोळे मिटून उभ्या असलेल्या एक काकू मी स्वतः पाहिल्या. आबांनी माहिती दिली की हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, बर्फातले नव्हेत. मूळचे पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे, आणि इथे आले ते २०१६मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून.

"म्हणजे यांचं घर पेरूमध्ये, राहत होते कोरियात, आणि आता भायखळ्याला?"

"हो."

"यांचे बाबा बदलीच्या नोकरीत आहेत का?"

तिचा बाप दर तीन वर्षांनी शहर बदलतो, त्यामुळे प्रश्नात थट्टा अजिबात नव्हती.

तिथून पुढे तिने प्रत्येकाचं मूळ गाव विचारायला सुरुवात केली. फुगीर बुंध्याचं गोरखचिंचेचं झाड आफ्रिकेतलं निघालं. मग आम्ही शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आलो. तिथे दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावर जोडकामाच्या रेषा दिसतात, नातीने एका रेषेवरून डोळ्यांनीच बोट फिरवलं आणि विचारलं, "याला काय झालं होतं?"

आबांना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी घसा खाकरला. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा त्यांना हा दिसला, म्हणून त्यांनी बेटालाच एलिफंटा म्हणून टाकलं. पुढे इंग्रजांच्या मनात आलं, हा विलायतेला न्यावा. १८६४मध्ये उचलायला गेले तर क्रेन तुटली, हत्ती खाली आला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे भायखळ्याला आणले आणि १९१४मध्ये जोडून हा परत उभा केला.

"पन्नास वर्षं तुकड्यातच होता?"

"हो ना."

"आणि मग बरा झाल्यावर घरी का नाही सोडला?"

आबा तीस-पस्तीस वर्षं विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरं तयार करून देत होते. त्यांच्याकडे 'माहिती गोळा करण्यात येत आहे' हे उत्तर कायम तयार असे. तेही त्या वेळी त्यांना सुचलं नाही.

त्याच आवारात काळा घोडा आहे. खरा काळा घोडा, म्हणजे पाठीवर सातवा एडवर्ड बसलेला. १८७९पासून तो फोर्टात होता, १९६५मध्ये त्याला उचलून इथे आणला. "हाही पडला होता का?" नाही, याला धड स्थितीत आणला; राज्य गेलं तसे राजाचे पुतळेही हलले. नात कमरेवर हात ठेवून एकदा हत्तीकडे आणि एकदा घोड्याकडे पाहत राहिली. "सगळे भायखळ्यालाच का येतात?" आबांचा चेहरा पाहून मी ओळखलं, आता ही मुंबई, सगळ्यांना सामावून घेणारी, असं काहीतरी सुरू होणार. मी कोकम सरबताची बाटली पुढे केली. तोंड भरलेलं असलं की भाषण होत नाही.

फोर्टातली फेरी मग ठरवून दुमजली बसने केली. जुन्या, उघड्या खिडक्यांच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाल्या. आता विजेवर चालणाऱ्या गारेगार गाड्या आहेत. वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची जागा मिळवण्यासाठी नातीने आबांना ज्या वेगाने जिन्यावरून पळवलं, तो त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांनी पाहायला हवा होता. जागा मिळाली. आबा मात्र कुरकुरले, की पूर्वी इथे बसलं की तोंडावर वारा यायचा, तिकिटाचे पैसे त्या वाऱ्याचेच होते. आता नुसतंच उंचावर बसायचं. नात म्हणाली, "आबा, बाहेर गरम आहे." हे कोणाला नाकारता येईल?

काळा घोडा चौकात २०१७पासून पुन्हा एक काळा घोडा उभा आहे. पाठीवर कोणीच नाही. तो पाहताक्षणी नातीने निकाल दिला, "राजाला भायखळ्यालाच ठेवलं आणि घोडा पळून आला." हा वेगळा घोडा आहे, नवा घडवलेला आहे, हे आबांनी परोपरीने सांगितलं. पुरावा काय, तर त्यांच्याकडे साल होतं आणि तिच्याकडे घोडा होता. मीही तिच्या बाजूने मत दिलं.

मलबार हिलवर आम्ही संध्याकाळी गेलो. म्हातारीचा बूट लहान मुलांसाठी, तेव्हा म्हातारी बाहेर बाकावर बसली. आमच्या लहानपणी तो बूट मला राजवाड्याएवढा वाटायचा. नात दोन मिनिटांत चढून उतरून मोकळी झाली. तिला आवडली ती समोरची हँगिंग गार्डन, आणि तीही फुलांसाठी किंवा कापून केलेल्या जनावरांसाठी नव्हे. ही बाग पाण्याच्या मोठ्या टाकीवर आहे, दक्षिण मुंबईच्या नळांना इथूनच पाणी जातं, असं आबांनी सांगायचा अवकाश, बाईसाहेब हिरवळीवर पालथ्या पडून जमिनीला कान लावून मोकळ्या. "येतोय आवाज." शेजारच्या गुजराती कुटुंबातली दोन मुलं येऊन पालथी झाली. मग त्यांची आई वाकली. आबा उभ्याउभ्याच म्हणाले, "एवढ्या स्लॅबमधून आवाज येणं शक्य नाही," आणि आजूबाजूला पाहून खाली बसायला जागा शोधू लागले.

घारापुरीला गेलो त्या दिवशी सकाळीच ऊन रणरणत होतं. गेटवेहून लाँचला तासभर लागतो. सीगल, म्हणजे आपले कुरव, येतात थंडीत. मे महिन्यापर्यंत ते उत्तरेला निघून गेलेले असतात. त्यामुळे 'सीगल दाखवणे' हा शेरा तसाच राहिला आणि गाठ्यांचं पाकीट आम्ही तिघांनी संपवलं. धक्क्यावरून छोटी गाडी, मग एकशेवीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्यांची, माळांची, मूर्तींची दुकानं. मधेच एक बाई कैऱ्या घेऊन बसल्या होत्या. त्यांची सुरी पाहत राहावी अशी. तोतापुरी कैरी डाव्या हातात उभी धरून उजव्या हाताने वरून खाली चिरा द्यायच्या, देठाशी सोडायच्या, मग एक हलका दाब, की कैरी पाकळ्यांनी उघडते आणि त्या फटींत तिखट-मीठ जातं. सगळं बोलता बोलता, आमच्याकडे बघत. एकही फोड सुटी होत नाही. यादीत कैरीबद्दल काहीच नव्हतं.

बाईंच्या मागे सरबतवाल्याचा फ्रीज घरघरत होता. बेटावर वीज आली ती २०१८मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या केबलमधून. त्याआधी इथे जनरेटरवर दिवे लागत. माशांना शॉक बसत नाही का, यावर पन्नास पायऱ्या गेल्या. उरलेल्या पायऱ्या आबा प्रत्येक टप्प्यावर 'देखावा बघण्यासाठी' थांबत गेले.

लेणं आतून गार. डोळे सरावायला जरा वेळ लागतो, मग समोरच्या भिंतीतून ते तीन प्रचंड चेहरे वर येतात. अठरा-वीस फूट उंच, अख्ख्या डोंगरातून कोरून काढलेले. आबा सहाव्या शतकापासून निघाले. मी शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच इथे आले होते. गिरगावातून गेटवे किती लांब, पण कोणी बाहेरगावचं आल्याशिवाय आपण जातो कुठे? नातीने महेशमूर्तीकडे मान वर करून पुरेसा वेळ पाहिलं, एवढं तिच्या बाजूने नोंदवते. मग ती दाराशी बसलेल्या राखणदाराकडे गेली.

"काका, हत्ती कुठे उभा होता?"

"बंदराकडे होता. आता नाही. तो भायखळ्याला असतो." थोरला मुलगा मुंबईत नोकरीला आहे हे गावाकडचा माणूस सांगतो ना, त्याच सुरात.

"माहितीय. मी भेटले त्याला," नात म्हणाली. काकांनी मान डोलावली. ख्यालीखुशाली पोचली.

एवढं सगळं फिरूनही तिचा दिवस खरा सुरू व्हायचा तो घरी परतल्यावर, हात-पाय धुऊन हापूसच्या ताटाशी बसल्यावर. फोडी मला, रस आबांना, बाठे सगळे तिला, अशी वाटणी तिनेच केली होती. कोपरापर्यंत ओघळ. साखर नको म्हणणाऱ्या लेकीने आंब्याचा उल्लेख का केला नाही, हे मी तिला विचारणार नाही. काही कलमं संदिग्ध राहिलेलीच बरी असतात. एका संध्याकाळी आजी घरी थांब, आम्ही नुसती चक्कर मारून येतो, असं म्हणून दोघं बाहेर पडली आणि दोघांच्याही जिभा जांभळ्या होऊन परत आली. आबा म्हणाले, "जांभळं खाल्ली." जांभळं बाजारात यायला अजून अवकाश होता.

निघायच्या आदल्या दिवशी तिने आबांना कागद मागितला. तिला अर्ज करायचा होता. घारापुरीच्या हत्तीला घरी सोडा. तिला मराठी अक्षरं येतात पण जोडाक्षरांशी भांडण आहे, म्हणून लिहायचं काम आबांकडे आलं. मला वाटलं, ते हसतील. त्यांनी चष्मा लावला, समास सोडला आणि विचारलं, "प्रति कोण?"

"ज्यांच्याकडे क्रेन आहे ते."

तो मुद्दा सोडवायलाच अर्धा तास गेला. विषय, संदर्भ, मग मजकूर. मागणी क्रमांक एक, हत्ती घारापुरीला, पण या वेळी चांगली क्रेन आणावी. मागणी क्रमांक दोन, राजाचा घोडा फोर्टात. "पण तिथे आधीच एक आहे," आबा म्हणाले. मग दोघांना एकमेकांशेजारी उभं करावं, राजाने पाहिजे त्यावर बसावं. गोरखचिंचेला नेऊ नये, झाडाला दुखतं. मागणी क्रमांक तीन, पेंग्विन पेरूला. आबांनी ते लिहिलं, पूर्णविराम दिला, कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. तिने पेन्सिल हातात घेतली आणि थांबली.

"आबा, तीन नंबर खोड."

"का गं?"

"त्यांना पुढच्या मे महिन्यानंतर न्या असं लिही. मी येणारे ना तेव्हा."

आबांनी खोडलं नाही. खाडाखोडीचा अर्ज पुढे जात नाही, म्हणाले, आणि नवा कागद काढला.