चारशे पन्नास रुपये प्राप्त झाले

खासगीपणाचा भंग म्हणजे नेमकं काय, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने कायद्याची पुस्तकं चाळण्याआधी एकदा अलिबागच्या मासळी बाजारात जाऊन उभं राहावं. कोळणीशी केलेला सौदा ही पूर्वी दोघांतली गोष्ट होती. सुरमईचा भाव ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा सांगायची. उतरवायची मात्र हलक्या आवाजात, मासा कापता कापता, मान वर न करता. ‘तुला म्हणून देते, कुणाला बोलू नको’ हे वाक्य ती सकाळभरात किती जणांना ऐकवते हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी प्रत्येकाला ते आपल्यापुरतं खरं वाटायचं. या गोड समजुतीवर कितीतरी घरांतलं रविवारचं कालवण शिजलं आहे.

आता टोपलीशेजारी तो बोलता डबा येऊन बसला. आपण मोबाइल पुढे करतो, कोड स्कॅन करतो, आकडा घालतो, आणि डबा बातम्या देणाऱ्या बाईच्या स्वच्छ, पुस्तकी मराठीत जाहीर करतो : ‘चारशे पन्नास रुपये प्राप्त झाले.’ मागे उभ्या असलेल्या ताईंना त्याच आकाराच्या सुरमईचे नुकतेच सहाशे सांगितलेले असतात. त्या टोपलीवरचा हात काढून घेतात. ‘काय गं मावशी, हे काय?’ मावशी उत्तर देत नाही. ती डब्याकडे बघते आणि म्हणते, ‘या मुडद्याला जरा गप बसायला काय होतं!’

पण कोळीणच ती. समुद्राशी आणि गिऱ्हाइकाशी पिढ्यान् पिढ्या गाठ असलेल्या बाईला डबा कितीसा पुरा पडणार? नेहमीच्या माणसाला ती आता सांगते, ‘पैसे माझ्या भाचीच्या कोडवर टाक.’ भाची बसते बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, सुक्या बोंबलांच्या ढिगामागे. रक्कम तिथे पुकारली जाते आणि तिथल्या गिऱ्हाइकांना वाटतं, कुणीतरी साडेचारशेचे बोंबील नेले. संगणकवाले यालाच प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ जणांचं एकमत हीच आमच्या आळीत नवलाची गोष्ट. गणपतीच्या वर्गणीवरसुद्धा ते कधी झालेलं नाही. पण हक्क मिळाला तरी तो ठेवायचा कुठे, हा आमचा प्रश्न होता. एका भिंतीला दोन बिऱ्हाडं. पलीकडे फोडणी पडली की अलीकडे कळतं, आज तिसऱ्याच आहेत की पैसे संपल्यामुळे पिठलं आहे. एसटीतून कोण उतरलं, कोणाच्या हातात डॉक्टरांच्या रिपोर्टाचा लखोटा होता, कोणाची मुलगी दोन महिन्यांत दुसऱ्यांदा माहेरी आली, याची नोंद ओट्यावर बसल्या बसल्या होते.

माहितीचे तुकडे जोडून माणूस ओळखायची कला काही कॅलिफोर्नियात जन्मली नाही. याच किनाऱ्यावर बेने इस्रायली मंडळी शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत होती. ती कुठून आली, कोणता धर्म पाळतात, प्रार्थनेत काय म्हणतात, यातलं शेजाऱ्यांना फारसं काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एक गोष्ट हेरली : यांचा घाणा शनिवारी बंद असतो. झालं. ‘शनवार तेली’ हे नाव पडलं आणि चिकटलं. पुढे किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं आली. म्हणजे राहण्याचं ठिकाणही नावाबरोबरच नोंदलं गेलं. आजच्या कंपन्या जे करतात ते याहून वेगळं नाही.

म्हणून 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणावरून जो गदारोळ झाला त्याची मला गंमत वाटली. ‘व्हॉट्सॲप तुमचे मेसेज वाचणार आहे, सावध व्हा, पुढे पाठवा’ हा मेसेज अर्थातच व्हॉट्सॲपवरून आला, तोही एकाच माणसाकडून तीन ग्रुपवर. मंडळी तावातावाने सिग्नलवर गेली. तिथे शांतता होती. कुणी सुप्रभात म्हणेना, कुणी सूर्यफुलावर सुविचार पाठवेना, भावकीतलं भांडणही वर येईना. कंपनीने 8 फेब्रुवारीची मुदत 15 मेपर्यंत ढकलली, तोवर सगळे परत आलेले. खरं तर 2016 पासून तिथल्या मेसेजना कुलूप आहे. आतला मजकूर वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतं हे तिला दिसतं. तेल तिळाचं की खोबऱ्याचं ते कळत नाही. घाणा कोणत्या वारी बंद ते कळतं. आणि तेवढ्यावर नाव पाडता येतं, हे आम्ही वर पाहिलंच.

कुलपाचं म्हणाल तर ते सगळ्यात पक्कं कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आहे. पोर्तुगीज 1740 मध्ये चौल सोडून गेले, पण त्यांच्या भाषेचा मराठीच्या अंगणात वाढलेला एक अवतार तिथे अजून बोलला जातो. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात. बोलणारे जेमतेम हजारभर. भर बाजारात गिऱ्हाइकासमोर उभं राहून त्याच्याचविषयी मोठ्याने चर्चा करायची आणि त्याने कौतुकाने ऐकत राहायचं, ही सोय कुठल्या ॲपमध्ये आहे? कुठलं धोरण नाही, अपडेट नाही, ‘मला मान्य आहे’ असं बटण नाही.

ओट्याचं ऐकणं आणि फोनचं ऐकणं यात एक फरक मला फार मोठा वाटतो. पडवीत बसून गुडघे दुखतात म्हटलं, तर आळीतल्या तिघी तीन प्रकारचे लेप सांगतात आणि चौथी निगडीचा पाला घेऊनच येते. फोनला तेच कळलं की तो गुडघ्याचे पट्टे दाखवतो, सवलतीसकट, पुढचे तीन महिने, गुडघा बरा झाल्यावरही. आणि ओट्यावरच्या माणसाला माझं सगळं ठाऊक असलं तरी मलाही त्याचं ठाऊक असतं. त्याच्या मुलाने सीए सोडून काय केलं ते मी काढत नाही, माझ्या भावाचा जमिनीचा दावा तो काढत नाही. हा तह आहे, आणि तो टिकतो. फोनच्या पलीकडे कोण बसलंय, त्याचा मुलगा काय करतो, मला काहीच माहीत नाही. तह करायचा कोणाशी?

शिवाय पलीकडच्याला कळतं ते तरी काय? 2025 च्या जुलैत कोर्लईजवळच्या समुद्रात रडारवर संशयास्पद बोट दिसली. या किनाऱ्याला अशा गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत. 1993 मध्ये शेखाडीला कसली स्फोटकं उतरली होती ते जिल्हा विसरलेला नाही, आणि 2022 च्या ऑगस्टात हरिहरेश्वरला लागलेल्या बेवारस बोटीत खऱ्या एके-47 सापडल्या होत्या. त्यामुळे भर पावसात पोलीस, तटरक्षक दल, नौदल, सगळे कामाला लागले. शेवटी निघालं काय, तर पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याचा, जागा कळवणारं यंत्र बांधलेला एक बोया. बिचारा वाहत वाहत आला होता आणि इमानदारीने आपलं ठिकाण सांगत होता. कुठे आहे ते अचूक समजलं. कोण आहे ते मात्र समजलं नाही.

मुंबईचे लोक इथे येतात ते या सगळ्यापासून दूर जायला, असं ते सांगतात. तशी ही परंपरा जुनी आहे. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय सुया बिथरतील अशी भीती होती, म्हणून ते काम अलिबागला हलवलं गेलं. इमारतीत लोखंड वापरायचं नाही असा दंडक, आणि 1904 पासून नोंदी सुरू. विजेच्या कटकटीला कंटाळून विश्रांतीसाठी अलिबागला आलेले पहिले मुंबईकर म्हणजे या सुया. आताचे पाहुणे येताना राउटर घेऊन येतात आणि जाताना वाडीत कॅमेरे लावून जातात. मग वरळीला बसून ते राखणदार काय करतो ते बघतात. आमच्याकडच्या एका राखणदाराने त्याचा छान उपयोग शोधून काढला आहे. फोनमधला बॅलन्स संपला की तो पडवीतल्या कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, ‘शेठ, पंपाची मोटर जळली, माणूस बोलवू का?’ पाच मिनिटांत शेठचा फोन येतो. कॅमेऱ्याला चोर अजून एकदाही दिसलेला नाही. वानर रोज दिसतात.

ओळख पटवण्याचे सरकारी प्रकार हा वेगळाच अध्याय. ‘लाडकी बहीण’च्या दीड हजारांसाठी 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. घोषणा करणाऱ्या मंत्री आमच्याच श्रीवर्धनच्या आमदार. तेव्हा बाहेरच्यांना इथलं काय कळणार, असंही म्हणायची सोय नाही. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागे. ओटीपी जाणार नवऱ्याच्या फोनवर. नवरा बोटीवर. बोट रेंजच्या बाहेर. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं आणि बोटीची फेरी काही दिवसांची. नवरा बंदराला लागला की बाया आधी मासळी किती हे विचारायच्या, त्या दिवसांत ‘फोन चार्ज आहे का’ विचारू लागल्या.

तरी या सगळ्या बातम्यांवरचं सर्वात वजनदार मत आमच्या आळीतल्या एका आजोबांकडे आहे. उभी हयात तहसील कचेरीत गेलेली. त्यांना मध्यंतरी डिजिटल अटक झाली. म्हणजे करायचा प्रयत्न झाला. अशी अटक कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये 2024 च्या ऑक्टोबरात सांगितलं होतं, अशा फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबरही जागोजागी लिहिलेला असतो, पण आजोबांना त्यातलं काही लागलं नाही. व्हिडिओवर वर्दीतला माणूस गरजला, की तुमच्या नावाने पार्सल सापडलं आहे, अटकेचा आदेश निघाला आहे. आजोबांनी चष्मा लावला, वही घेतली आणि विचारलं, ‘जावक क्रमांक सांगा.’ वर्दीवाला गोंधळला. आजोबा शांतपणे समजावू लागले, की आदेश आहे म्हणजे जावक क्रमांक असणार, त्याखाली दिनांक असणार, आणि प्रत माहितीसाठी कोणाला तेही असणार. नसेल तर कागद परत पाठवावा लागेल. पाऊण तास हे चाललं. अखेर वर्दीवाल्याचा धीर सुटला आणि तो ओरडला, ‘अंकल, अलिबाग से आया है क्या?’

समोरच्याला खुळा ठरवणाऱ्या या वाक्यावर बंदी घाला म्हणून 2019 मध्ये उच्च न्यायालयात याचिका झाली होती; ती फेटाळली गेली. आजोबांना तो निकाल तेव्हाही पटला नव्हता. त्यांनी फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. ओट्यावर आले ते धुमसतच. आम्हाला वाटलं, अटकेचा धसका घेतला.

‘अटक गेली खड्ड्यात,’ ते म्हणाले. ‘माझा आधार नंबर त्याला ठाऊक. पेन्शनचं खातं ठाऊक. सुनेचं माहेरचं नावसुद्धा ठाऊक. आणि मी अलिबागचा आहे, हे विचारून घ्यावं लागतं गाढवाला?’