एका आठवड्याची बेगमी

माझा भाचा स्वीडनला असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच्या दारात एक सरकारी पुस्तिका येऊन पडली. त्याच्या एकट्याच्या नव्हे, त्या देशातल्या सुमारे 50 लाख घरांच्या दारात. युद्ध झालं, वादळ आलं, वीज गेली, पाणी तुटलं तर घरोघरी काय करायचं, ते त्यात लिहिलेलं होतं. अशी पुस्तिका तिथं पहिल्यांदा 1943 साली, महायुद्धाच्या धामधुमीत निघाली होती. भाच्याला तिचं भारी अप्रूप वाटलं. व्हिडिओ कॉल लावून, निम्म्या मराठीत आणि निम्म्या कानडीत, तो ती अज्जीला वाचून दाखवू लागला. मदत येईपर्यंत निदान आठवडाभर आपलं आपण निभावता आलं पाहिजे. माणशी रोज तीन लिटर पाणी हवं. न शिजवता खाता येईल असं काहीतरी घरात हवं. उजेडाची सोय, बॅटरीवरचा रेडिओ, थोडी रोख रक्कम.

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इतके दिवस कसं राहात होते रे ते?"

भाचा गप्प झाला. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. अव्वाच्या मोरीबाहेर प्लास्टिकच्या दोन टाक्या, एक सिमेंटचा हौद, तीन घागरी आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांची एक रांग आहे. नळ येऊन गेला की पुन्हा कधी येईल हे कुणी विचारत नाही, कारण ते विचारून नळ येत नाही. माणशी तीन लिटरचा हिशोब मी मांडून पाहिला, तर अव्वाकडं तिचा एकटीचा महिना सहज निघेल एवढं पाणी निघालं. आणि त्या दिवशी तर ती कुरकुरत होती, की दोन डबे भरायचे राहिले म्हणून.

आमचं गाव मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात आहे, कर्नाटकाच्या वेशीला टेकून. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही, अशी आमची भाषा. कागदोपत्री गावाला नगरपरिषद आहे, म्हणजे आम्ही शहरवासी. शेळ्यांना मात्र हे अजून कुणी कळवलेलं नाही. त्या रस्त्याच्या मधोमध बसतात. अक्कलकोटच्या स्वामींचं दर्शन घेऊन गाणगापूरला निघालेल्या भाविकांच्या गाड्या त्यांना वळसा घालून दुधनीच्या दिशेनं निघून जातात. आमच्याकडे सहसा कुणी थांबत नाही. मीही चौतीस वर्षं फारसा थांबलो नव्हतो. पुण्यात एका बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो आणि स्वावलंबी व्हायचं ठरवून गावी आलो.

स्वावलंबनाचं हे वेड मला मोबाइलनं लावलं. कुठल्याशा थंड मुलखात दाढीवाला माणूस एकटा लाकडं फोडतो, एकटा मासा धरतो, एकटाच शेगडीपाशी बसून तो खातो. त्याला ना कुणाचा फोन येतो, ना लग्नाचं आमंत्रण. हे बघत बघत मी तीन गोष्टी ठरवल्या: घरची भाजी, घरची वीज आणि मासेमारी. भाजीचं प्रकरण शेळ्यांनी एका सकाळीच मिटवलं.

विजेचं मात्र जरा लांबलं. केंद्र सरकारची घरावरच्या सौरपॅनेलची योजना 2024 च्या फेब्रुवारीत आली. तीन किलोवॉटला 78 हजारांपर्यंत अनुदान. मी गच्चीवर पॅनेल बसवून घेतली, गल्लीत पेढे वाटले, आणि आता आपण विजेच्या बाबतीत कुणाचे मिंधे नाही असं दोन-तीन जणांना मुद्दाम गाठून सांगितलं. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी, चैत्राचं ऊन मी म्हणत असताना, गावची वीज गेली आणि माझीही गेली. पॅनेल बसवून देणाऱ्याला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, बाहेरची लाइट गेली की हे आपोआप बंद पडतं. नाहीतर तारेवर काम करणाऱ्याला तुमच्या विजेचा झटका बसेल." बॅटरी घेतली असती तर गोष्ट वेगळी होती, ती मी महाग पडते म्हणून घेतली नव्हती. कारण पटलं, उलट चांगलंच वाटलं. पण डोक्यावर सूर्य, गच्चीवर पॅनेल आणि खाली मी पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेला, हे दृश्य शेजारच्या अक्कांनी पाहिलं. "सर ओ," त्या म्हणाल्या, "आमची पण गेलीय, तुमची पण गेलीय. बरं झालं, आता तुम्ही आमच्यातले झालात."

अव्वाला यातलं कशाचंच काही वाटलं नाही. ती तेव्हा कडक भाकरी करत होती.

कडक भाकरीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. सोलापूरकडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. इतरांना सांगूनही पटत नाही. ज्वारीचं पीठ गरम पाण्यानं मळायचं, नेहमीच्या भाकरीपेक्षा पातळ थापायचं, इतकं पातळ की उचलताना तिला आपली भीती वाटावी आणि आपल्याला तिची. वरून तीळ टोचायचे. तव्यावर नेहमीसारखी भाजून घ्यायची आणि मग मंद आचेवर, फडक्यानं दाबत दाबत, तिच्यातलं उरलंसुरलं पाणी काढून टाकायचं. पाणी गेलं की बुरशीचा मार्ग बंद. अशी भाकरी बुट्टीत फडक्याखाली रचून ठेवली की महिना-दोन महिने बघायला नको. पावसाळ्यात सादळली तर तव्यावर पुन्हा शेकायची. खाताना असा आवाज होतो, की जेवणाऱ्या दोघांनी एकमेकांवर रागावायचं म्हटलं तरी ऐकू जाणार नाही. सोबत शेंगाची चटणी; अव्वा तिला हिंडी म्हणते. खलबत्त्यात कुटून तेल सुटलेली, तीही टिकाऊ. पाडव्याच्या आधी श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला आमच्या भागातून आणि पलीकडच्या कर्नाटकातून लोक पायी जातात, त्यांच्या गाठोड्यात हीच शिदोरी असते. न शिजवता खाता येईल असं अन्न. स्वीडनच्या सरकारनं आम्हाला विचारलं असतं तर पुस्तिकेची दोन पानं वाचली असती.

मी हे अभिमानानं भाच्याला सांगायला गेलो, तर तो इंजिनियर निघाला. म्हणाला, "मामा, ज्वारी मूळची आफ्रिकेतली. शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडांकडून आली. यात आपलं काय आहे?" मी खजील होऊन अव्वाला विचारलं. ती म्हणाली, "तीळ." मग थोडं थांबून, "आणि थापणारी."

पूर्वीच्या काळी ही साठवण भाकरीपासून नव्हे, दाण्यापासूनच सुरू व्हायची. आमच्या जुन्या घराच्या भिंतीत बळद होतं, माजघरात शेणानं सारवलेली कणगी होती, आणि गावच्या पांढरीत पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची विहीरच. आत कडब्याचं अस्तर, ज्वारी भरली की वरून मातीनं तोंड बंद. आतला दाणा श्वास घेऊन घेऊन हवेतला प्राणवायू संपवतो आणि मग किडे-सोंडे गुदमरून मरतात. औषध नको, पावडर नको. मात्र जे किड्याला लागू ते माणसालाही. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं. घाई केलेल्यांच्या गोष्टी लहानपणी आम्हाला भुतांच्या गोष्टींच्या जागी सांगत.

जुनं ते सगळं सोनं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात गारवा देणारं आमचं मातीचं माळवद 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं असं थरथरलं, की पुढचे कित्येक दिवस गल्ली अंगणात झोपत होती. तिकडं किल्लारीत माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि जड माळवदांखालीच. स्वतःच्या हातानं बांधलेलं घर स्वतःच्या अंगावरही पडू शकतं. आमचं माळवद त्यानंतर उतरवलं. त्या जागी स्लॅब आला, आणि स्लॅबवर, हे सगळं होऊन तीस वर्षांनी, माझी पॅनेल.

या सगळ्या साठवणीला आमच्याकडे एक शब्द आहे, बेगमी. वर्षाची बेगमी, पावसाळ्याची बेगमी. हा फारसीतून आला: बे-गम, म्हणजे ज्याला चिंता नाही तो. आता गंमत बघा, मी निवृत्तीनंतर जितकी बेगमी केली तितकी झोप कमी झाली. पॅनेलवर धूळ बसली का, इन्व्हर्टरचा दिवा हिरवा आहे का, माकडं आली का. अव्वाची बेगमी बुट्टीत असते आणि अव्वा नऊला झोपते.

आणि ती बुट्टी तिच्या एकटीची नसतेच. त्यातल्या चार भाकऱ्या अक्कांकडं जातात, अक्कांकडून लिंबाचं लोणचं येतं. गुळाची वाटी उसनी जाते आणि काही महिन्यांनी साखर होऊन परत येते. या उसनवारीचं खातं कुठंच लिहिलेलं नाही, तरी ते चुकत नाही. मी बँकेत चौतीस वर्षं काढली आहेत, म्हणून मला त्याचं जास्त आश्चर्य वाटतं. आमच्याच रस्त्यानं पुढं गाणगापूरला गेलात तर तिथं आणखी नवल. मोठमोठ्या गाड्यांतून आलेली माणसं गळ्यात झोळी अडकवून पाच घरी माधुकरी मागत हिंडतात. कुणाच्या तरी दारात उभं राहून हात पसरणं हा तिथला नेमच आहे. मोबाइलमधल्या त्या दाढीवाल्याला एकदा गाणगापूरला न्यावं असं मला फार वाटतं.

आता राहिली मासेमारी. मी पुण्याहून गळाची काठी मागवली. तिला चक्री, चक्रीला खटका, आणि सोबत रंगीबेरंगी खोटे मासे. गावाबाहेरच्या पाझर तलावावर जाऊन बसलो. दोन अडचणी लगेच निघाल्या. पहिली, तलावाचा मासेमारीचा ठेका एका संस्थेकडे होता, त्यामुळे राखणदाराची परवानगी लागली. स्वावलंबनाला आधी अर्ज करावा लागतो हे मी नोंदवून ठेवलं. दुसरी अडचण अशी, की आमचं घर लिंगायतांचं. आयुष्यात मी मासा ताटात घेतलेला नाही. मग पकडून करायचं काय, हे मी काठी मागवताना ठरवलं नव्हतं.

राखणदाराचा दहा-बारा वर्षांचा मुलगा शेजारी येऊन बसला. त्याच्या हातात नुसती नायलॉनची दोरी, टोकाला गळ, गळाला गांडूळ. तासाभरात त्यानं चार चिलापी काढल्या. चिलापीही मूळची आफ्रिकेची, आपल्याकडं 1952 साली आणली गेली आणि जिथं सोडली तिथं माजली. तिची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं निघाल्यावरही काही दिवस त्यांना तोंडातच सांभाळते. तेवढे दिवस ती जवळपास उपाशी. मला हे वाचून माहीत होतं. मुलाला बघून माहीत होतं. एकीच्या तोंडातून पिल्लं सांडली तशी त्यानं तिला पाण्यात परत सोडली, न सांगता.

घरी येऊन अव्वाला तलावाचं सांगितलं, तेव्हा ती एकदम म्हणाली, "मला ने तिथं."

रविवारी तिला गाडीत घालून नेलं. चौऱ्याऐंशीची आहे, गुडघे दुखतात, पण बांधावर ती माझ्या आधी चढली. मग समजलं. हा तलाव 1972 च्या दुष्काळातला. त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात माणसं हजारोंनी दुष्काळी कामांवर होती: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. मी नऊ वर्षांचा होतो आणि मला त्यातली फक्त सुकडी आठवते, गोड, पिठूळ, टाळूला चिकटणारी. आणि अमेरिकेतून आलेल्या मिलोची लालसर भाकरी, जी कुणालाच आवडत नव्हती आणि जिच्यावर सगळे जगत होते. घरात तेव्हा कणगी रिकामी होती, बळद रिकामं होतं. वर्षाची बेगमी वर्षभरच पुरते. पाऊस लागोपाठ चुकला, आणि मग अव्वा पाटी घेऊन इथं आली होती.

"त्या बाभळीपासून," ती हात करून म्हणाली, "ते तिथवर. आमच्या टोळीची माती." जणू शेताची हद्द दाखवत होती. मग वाकून तिनं बांधाचा एक दगड चाचपला, घट्ट बसलाय की नाही बघितल्यासारखा.

मी काठी उलगडली, चक्री फिरवली, खोटा मासा लांब फेकला. ती बांधावर पदर सावरून बसली. बरोबर आणलेल्या फडक्यातून कडक भाकरी काढली, एक तुकडा राखणदाराच्या मुलाला दिला, एक मला. बराच वेळ आम्ही तिघंही नुसती कुडुमकुडुम करत होतो.

"लागला तर काय करणार?" तिनं विचारलं.

"सोडून देणार."

"आणि नाही लागला तर?"

"घरी जाणार."

तिनं मुलाकडं पाहिलं. तो तोंड भरून हसला, तुकडा ओठांत धरला आणि आपल्या दोरीला नवं गांडूळ लावू लागला.