पर ग्रॅम

सोन्याखालोखाल ग्रॅमवर विकली जाणारी वस्तू कोणती, या प्रश्नाला पुण्यातल्या कर्वेनगरात कोणी 'केशर' असं उत्तर दिलं, तर त्या माणसाकडे गाडी नाही असं खुशाल समजावं. खरं उत्तर टायरच्या दुकानातल्या पाटीवर असतं. वर ठळक अक्षरांत बॅलन्सिंगचा दर, चाकामागे अमुक इतका. आणि त्याखाली, चष्मा पुसून वाचावं लागेल अशा बेतानं: 'वजनाचे वेगळे, पर ग्रॅम.'

गिऱ्हाईक कोण, ते सांगायला नको. चांगल्या चालत्या गाडीचे लोखंडी रिम काढून त्यानं डायमंड कट अलॉय बसवलेत. जुने रिम 'असू देत, लागतील' म्हणून सोसायटीच्या जिन्याखाली. दुकानदारानं त्याला चाकांबरोबर नायट्रोजनही विकलेला असतो. आपण सगळे जी हवा फुकट ओढतो तिच्यात 78 टक्के नायट्रोजनच आहे, ही गोष्ट व्हॉल्व्हवरच्या हिरव्या टोप्यांखाली झाकली जाते. पार्किंगमध्ये चार जण वाकून बघतात, 'केवढ्याला पडले?' विचारतात. मग रविवारी तो वारज्याला हायवेला लागतो, चांदणी चौक मागे पडतो, काटा 80 वर जातो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं.

इथे कर्वेनगरावर अन्याय होता कामा नये. कर्वेनगरात ही थरथर होत नाही. होऊच शकत नाही. चाकाचा तोल 20 ग्रॅमनं ढळला असेल तर ताशी 100 च्या वेगाला, म्हणजे चाक सेकंदाला 14-15 फेरे मारत असताना, ते 20 ग्रॅम 3 किलोहून अधिक जोरानं चाकाला हिसके देतात. वेग पाचपट उतरला की हा जोर पंचवीसपट उतरतो. वनदेवीपासून वारज्यापर्यंत संध्याकाळी ताशी 20 चा वेग मिळाला तर घरी जाऊन देवापुढे साखर ठेवावी. आणि त्या वेगाला 3 किलोंचे उरतात सव्वाशे-दीडशे ग्रॅम. एवढा हिसका आमच्या खड्ड्यांत कोणाला कळणार? शिवाय गतिरोधक. नियमात तो 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि ताशी 25 नं सुखरूप ओलांडता येईल असा आहे. आमच्या गल्लीतला उंचीला नियमाच्या पुढे आणि रुंदीला उंबऱ्याइतका. तेव्हा अलॉयवाल्याला आपल्या चाकांतला दोष बघायलासुद्धा गाव सोडावं लागतं. दोष गेला का, हे बघायला पुन्हा सोडावं लागतं.

सोमवारी तो दुकानात हजर. चाक यंत्रावर चढतं, फिरतं, आकडे येतात: आत 25, बाहेर 20. म्हणजे 45 ग्रॅम. म्हणजे साडेचार तोळे! आता पेढीवरचा व्यवहार सुरू होतो. पाच-पाच ग्रॅमच्या तुकड्यांची पट्टी निघते, पोरगा मोजून तोडतो, रिमच्या आतून चिकटवतो, अंगठ्यानं दाबतो. सोन्याला निदान हॉलमार्क असतो. इथे धातू कोणता, हे विचारायची पद्धत नाही. तोंडी सगळे शिसं म्हणतात, पट्टी पुष्कळदा लोखंडाची निघते, आणि खरोखर शिसं असेलच, तर युरोपनं ते नव्या गाड्यांच्या चाकांवरून 2005 सालीच हद्दपार केलंय. सोनार मोड घेताना घट धरतो, पण मोड घेतो. टायरवाला घेत नाही. पुढच्या खेपेला तोच पोरगा तुमच्याच पैशांची जुनी पट्टी स्क्रूड्रायव्हरनं उचकटतो, पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकतो, नवी लावतो आणि बिलात नवीचे पुरते ग्रॅम धरतो. त्या डब्याचं पुढे काय होतं, हे विचारणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. कधी उचकटायचेही कष्ट नसतात. जुनी तशीच राहू देऊन तिच्या बरोबर समोर, तिला तोलायला, नवी लावतात. मग त्या नवीला तोलायला आणखी एक. या गतीनं एक दिवस रिमची आतली कड पुरती भरेल आणि चारही चाकांत एकेक भरीव गोठ तयार होईल. गुढीपाडव्याला लोक मुहूर्तानं 5 ग्रॅम चिकटवून घेतील. बँका चाकांवर तारण कर्ज देतील. आणि गाडी विकताना जाहिरात येईल: फर्स्ट ओनर, डॉक्टरांनी वापरलेली, अंगावर वीस तोळे.

"झिरो आलंय काका, बघा."

आलेलं असतं. पडद्यावर दोन्हीकडे शून्य. पैसे देऊन, हायवेला जाऊन, काटा 80 वर नेऊन बघावं तर थरथर होती तिथेच. परत दुकानात. "रोडच तसाय काका." मग "अलायमेंट करून टाकू." अलायमेंट म्हणजे चाकांचे कोन, गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकाच कडेला झिजत असेल, तर ते करावं. थरथरीशी त्याचा संबंध नाही, हे दुकानालाही माहीत असतं. पण अलायमेंटचे पैसे वेगळे असतात, हेही माहीत असतं.

यंत्राचं शून्य खोटं का? कधी असतंही. त्याला रिमचं अंतर, रुंदी आणि व्यास हे तीन आकडे आधी सांगावे लागतात. मागच्या गिऱ्हाइकाचे आकडे तसेच ठेवून चाक फिरवलं तर शून्यही मागच्या गिऱ्हाइकाचंच येतं. पण बरेचदा शून्य खरं असतं आणि खरी गोम मधल्या भोकात असते. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांचा हब 54.1 मिलिमीटरचा. कंपनीच्या रिमचं भोक त्यावर नेमकं बसतं, म्हणून चाक मध्यावर राहतं. बाजारातले अलॉय एकाच मापात पुष्कळ गाड्यांना खपवायचे, म्हणून त्यांचं भोक बहुधा 73.1. चांगला 19 मिलिमीटरचा फरक. यंत्रावर चाक शंकूवर चढतं, शंकू भोक मोठं की लहान बघत नाही, बरोबर मध्य धरतो; तिथे शून्य येणारच. गाडीवर शंकू नसतो. तिथे चाक लटकतं चार नटांच्या भरवशावर, आणि पोरानं एअर गननं पहिलाच नट कचकचून आवळला की ते त्या बाजूला सरकतं. बाकीचे तीन नट मग आहे ते मान्य करतात. केंद्र चुकलेल्या चाकाला ग्रॅम चिकटवून काहीही होत नाही. पाच नाही, पन्नास नाही, किलोभर चिकटवा.

यावर इलाज आहे आणि तो दुकानदाराला माहीत आहे. हबवर बसणारी, बाहेरून 73.1 आणि आतून 54.1 मापाची रिंग. प्लास्टिकची असली तरी चालते. गाडीचं वजन तिनं पेलायचं नसतं, फक्त चाक मध्यावर धरायचं असतं. अलॉयच्या किमतीपुढे तिची किंमत चिल्लर. मागा. उत्तर मिळेल, "पीसीडी मॅच आहे ना? बसतंय की!" पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप; मधल्या भोकाचं नाव नाही.

या 'बसतंय की'वर माझा राग आहे आणि तो चाकापुरता नाही. नळाचं वॉशर बसतंय की. नव्या फ्लॅटचं दार थोडं घासतं, पण बसतंय की. रस्त्यावर डांबराचे थरांवर थर चढतात, चेंबरचं झाकण खाली विहिरीत राहतं. मग कोणीतरी ते उचलून रस्त्याच्या चार बोटं वर बसवतो, आणि बसतंय की. ते झाकण गोल असतं, भोक गोल असतं, आणि दोघांची भेट होत नाही. दुचाकीवरून मागे मूल बसवून जाणारी बाई त्यावरून उडते, तेव्हा तिला कोणता ग्रॅम चिकटवणार आहात? मोजपट्टी पैशाला पासरी मिळते. एक मिलिमीटर मोजायचा आळस, आणि बिल मात्र ग्रॅममध्ये! कामाला अंदाज आणि पैशाला तराजू, हा धंदा आम्ही चालवून घेतो, कारण अलॉय दिसतात झकास.

असो. रक्तदाब माझा आहे, चाकं तुमची.

दसऱ्याला नवे अलॉय घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: मधलं भोक किती मिलिमीटरचं, आणि माझ्या हबची रिंग दुकानात आहे का? नट चाक अधांतरी असताना, समोरासमोरच्या जोडीनं, हातानं आवळून घ्यावेत, गन नंतर. आणि उत्तरात 'बसतंय की' ऐकू आलं, तर जिन्याखालचे जुने रिम अजून आहेत का ते बघून यावं.