अलिबागकर आप्पा

प्रत्येक सहलीच्या बसमध्ये एक माणूस जागा बघायला आलेलाच नसतो. ती आपल्या गावापेक्षा किती कमी आहे, हे तपासायला आलेला असतो. आमच्या केरळच्या बसमध्ये हे खातं आप्पांकडे होतं. मुन्नारला ते म्हणाले, "माथेरान बरं." अलेप्पीच्या होडीत बसून म्हणाले, "रेवदंड्याच्या खाडीत या एकदा." पिशवीत त्यांनी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची अख्खी माळ आणली होती. रोज दुपारी जेवायला बसलं की एक कांदा टेबलावर ठेवायचा, बुक्की मारून फोडायचा आणि शेजारच्याच्या पानात न विचारता पाकळी टाकायची. टाकताना म्हणायचे, "भौगोलिक मानांकन मिळालंय याला."

या वागण्याला कारण आहे. आप्पांनी चौतीस वर्षं मुंबईत नोकरी केली आणि चौतीस वर्षं रोज कुणी ना कुणी त्यांना विचारलं, "अलिबागसे आया क्या?" माणसाला बावळट ठरवणाऱ्या या वाक्यावर बंदी घाला म्हणून 2019 साली कुणीतरी थेट उच्च न्यायालयात गेलं होतं. असलं मनावर घेऊ नये, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. आप्पांनी मनावर घेतलं. तेव्हापासून ते जिथे जातात तिथे अलिबागची बाजू मांडतात.

चेंदमंगलमला जायचं ठरलं, तेव्हा बसमधल्या निम्म्या लोकांना ते नावही उच्चारता येत नव्हतं. कोचीच्या उत्तरेला पेरियार नदीच्या अंगाने वसलेलं छोटं गाव. देऊळ, मशीद, चर्च आणि ज्यूंचं सिनेगॉग, चारही हाकेच्या अंतरावर. इस्रायल झाल्यावर, साधारण 1950च्या दशकात, इथल्या ज्यूंपैकी बहुतेकांनी गाव सोडलं. माणसं गेली, इमारत राहिली. पुढे केरळ सरकारने ती दुरुस्त करून तिथे ज्यू इतिहासाचं लहानसं संग्रहालय केलं. आमच्या टूर मॅनेजरने घड्याळ दाखवून सांगितलं, "पंधरा मिनिटं. पुढे जेवण आहे."

पंधरा मिनिटांत आप्पांची चप्पलसुद्धा काढून होत नाही.

आत शिरताच ते गार पडले. गार म्हणजे खरोखर गार, कारण बाहेरच्या दमट उन्हातून आत आलं की त्या जाड भिंतींचा गारवा अंगाला लागतो. वर रंगवलेलं कोरीव लाकडी छत, बायकांसाठी वरचा सज्जा. केरळच्या सिनेगॉगांची एक खुबी म्हणजे ग्रंथ वाचायचा एक चौथरा खाली मधोमध असतो आणि दुसरा वर, सज्जाच्या पातळीवर. मी हे कौतुकाने सांगितलं. आप्पा म्हणाले, "अलिबागला आहे की आमचं मागेन अबोथ."

"त्यात वर चौथरा आहे?"

"असेल."

भिंतीवरच्या फलकांपुढे मॅनेजर ज्यू पुढारी जोसेफ रब्बानची गोष्ट सांगू लागला. इसवी सन 1000च्या सुमारास चेर राजा भास्कर रविवर्म्याने त्याला ताम्रपट दिला. त्यात बहात्तर मान आणि हक्क होते. पालखी, छत्री, दिवसाढवळ्या दिवा आणि वर करमाफी. ताम्रपट कोचीला मट्टनचेरीच्या सिनेगॉगमध्ये सांभाळलाय. आप्पांचा चेहरा पडला. "आमच्या लोकांना कुणी छत्री नाही दिली," ते पुटपुटले. "आणि पाऊस बघा तिकडचा."

"आमचे लोक" म्हणजे बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. आप्पा स्वतः त्यातले नव्हेत, पण हा तपशील ते बोलण्याच्या ओघात बाजूला ठेवतात. तिकिटाच्या टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. मल्याळम पक्की, इंग्रजी कामापुरती, हिंदी जवळपास नाही. आप्पांनी नेमकं त्यांना गाठलं आणि आपल्या खास हिंदीत सुरुवात केली. "मॅडम, हमारे उधर नवगाव है, अलिबागके बाजूमें. उधर जहाज फुटा. सात जोडपे बचे. दो हजार साल पहले." बाईंनी मान हलवली. "फिर वो लोग तेल का घाणा चलाने लगे. शनिवारको बंद. इसलिए शनवार तेली. सॅटर्डे ऑइलमॅन!" बाईंनी पुन्हा मान हलवली आणि ब्रोशर पुढे केलं.

आप्पा मागे हटणारे नव्हते. गावावरून आडनावं कशी पडली ते सांगून झालं: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मलिद्याचं ताट सांगून झालं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने. हे सांगताना मात्र आप्पांनी खरोखर आवंढा गिळला, कारण लहानपणी इस्रायल आळीत ते ताट त्यांच्या वाट्याला आलेलं होतं. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. अलिबाग हे नावच मुळी एका बेने इस्रायलीवरून पडलं. अली नावाचा श्रीमंत माणूस होता, त्याच्या आंब्यामाडांच्या बागा, म्हणून अलीची बाग. अशी आख्यायिका आहे खरी. आप्पांच्या तोंडी ती सातबाऱ्यासारखी येते.

आता इथे मला खोडी सुचली. मी म्हटलं, "आप्पा, बेने इस्रायलींना पुन्हा धर्म शिकवायला आला तो दावीद रहाबी. इतक्या वर्षांत त्यांना 'शेमा'ची प्रार्थना तेवढी आठवत होती. त्याने म्हणे बायकांपुढे सगळी मासळी ठेवली, आणि खवल्या-पंखाची तेवढी त्यांनी निवडून घेतली. तेव्हा त्याची खात्री पटली. पण हा रहाबी कुठल्या घराण्यातला होता, काही अभ्यासक काय म्हणतात, माहीत आहे?"

"कुठल्या?"

"कोचीच्या. मट्टनचेरीच्या सिनेगॉगचा घड्याळाचा मनोरा ज्या घराण्यातल्या एझेकिएल रहाबीने 1760 साली बांधला, त्याच."

आप्पा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "शिकवायला आले, म्हणजे गरज अलिबागला नव्हती. त्यांनाच यावंसं वाटलं."

यावर कोणता युक्तिवाद करणार?

पण खरा पेच पुढे होता. सिनेगॉगच्या समोर एक दगड उभा करून ठेवला आहे. ग्रॅनाइटचा, त्यावर हिब्रू अक्षरं. सारा, इस्रायलची मुलगी, हिची कबर. साल 1269. भारतात सापडलेली हिब्रू मजकुराची ही सर्वांत जुनी कबरशिळा म्हणतात. सारा कोण होती, किती वर्षांची होती, दगड काही बोलत नाही. मी हिशोब केला: ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी सहा वर्षं. आप्पांनीही तोच हिशोब केला असावा, कारण ते दगडासमोर वाकून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या दोन हजार वर्षांना कागद नाही, आणि समोर साडेसातशे वर्षांच्या बाईचं नाव कोरून उभं होतं. मला वाटलं, माणूस हरला. आता मुकाट्याने जेवायला येईल.

"आक्षी!" आप्पा एकदम ओरडले.

"काय?"

"आक्षीचा शिलालेख. अलिबागपासून दोन पावलांवर. शके 934. म्हणजे 1012! मराठीतला सगळ्यात जुना लेख म्हणतात त्याला. या दगडापेक्षा अडीचशे वर्षं जुना!"

"पण आप्पा, तो शिलाहारांच्या काळातला. त्याचा ज्यूंशी काय संबंध?"

"दगड अलिबागचा आहे ना?"

तो शिलालेख कित्येक वर्षं रस्त्याकडेला ऊनपाऊस खात पडला होता, आणि जाणारे-येणारे त्याला नुसता दगडच समजत होते, हे मी बोललो नाही. मात्र दुसरा एक प्रश्न राहवेना. "आप्पा, मागेन अबोथमध्ये वर चौथरा आहे की नाही, तुम्ही 'असेल' म्हणालात. आतून बघितलंय का कधी?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरच्या देवघराबद्दल विचारलं होतं.

"आतून? घरापासून दहा मिनिटांवर आहे. कधीही जाऊ की! त्यासाठी काय मुद्दाम जायचं?"

ही ओळ मी वहीत लिहून ठेवली आहे. चेंदमंगलमला बावीस तास रेल्वेने आणि दोन तास बसने गेलेला माणूस ती बोलला होता.

निघताना अभिप्रायाच्या वहीत आप्पांनी मोठ्या देवनागरीत एकच शब्द लिहिला: अलिबाग. टेबलावरच्या बाईंनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि अगदी निर्मळपणे, आयुष्यात पहिल्यांदाच आप्पांना कुणी विचारावं तसं, विचारलं, "अलिबाग? व्हेअर इज दॅट?"

आप्पांनी खुर्ची ओढली.

आम्हाला जेवण साडेतीनला मिळालं, तेही गार. तुम्ही कधी चेंदमंगलमला गेलात आणि तिकिटाच्या टेबलामागच्या बाईंनी आक्षीच्या शिलालेखाचं साल बरोबर सांगितलं, तर दचकू नका. टेबलावर पांढरा कांदा दिसला, तर तो आमच्या बसमधूनच आलेला आहे.