खून वेळेवर झाला पाहिजे
लेखनाला एकांत लागतो, ही अफवा बहुधा ज्यांची हस्तलिखितं वेळेत पोचली नाहीत त्यांनीच उठवली असावी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजारी ओलांडली. एवढे मुडदे पाडायचे तर मूडची वाट पाहून कसं चालेल? अगाथा ख्रिस्तींना लिहायला बराच काळ स्वतंत्र खोली नव्हती. दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचं टेबलही त्यांना पुरे. १९३७ ची ‘डम्ब विटनेस’ ही कादंबरी तर त्यांनी पीटर या आपल्या कुत्र्याला अर्पण केली. (घरच्या माणसांनी नोंद घ्यावी.)

कुणी म्हणेल, ख्रिस्तींकडे नोकरचाकर होते. सुरतेतल्या कोसाड आवास वसाहतीत, कुकरच्या शिट्ट्या मोजत कसला खून जमणार? उलट तिथेच जमतो. कुणाच्या दारात अनोळखी चप्पल दिसली, वरच्या मजल्यावरचा दिवा रात्री उशिरापर्यंत का जळतो, मांजर आज दुधाला तोंड का लावत नाही, हा सगळा तपास शेजारी फुकटात करून देतात. दार लावून बसलेल्याला तो कल्पनेनं करावा लागतो आणि कथा पातळ होते. तेव्हा मुदतवाढीच्या अर्जात एकांताचं कारण दिसलं, तर संपादकांनी तो सरळ फेटाळावा.