फ्यूजला चांदी गुंडाळणाऱ्यास

महाशय,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या वसंतात लँकॅशरमध्ये तुम्ही तुमची जुनी कॅरॅव्हॅन मला विकलीत. वायरिंगचं सगळं काम स्वतःच्या हातानं केलंय, असं छातीठोकपणे सांगितलंत. ते खरं होतं. तो हात तुमचाच, हे मी आता कोर्टातही सांगेन.

पहिल्याच सहलीत, केझिकजवळच्या कॅम्पसाइटवर, बायकोनं स्वयंपाकाच्या ओट्यावरचा नळ सोडला आणि आतले दिवे मिणमिणले. पंप घरघरला, पाण्याची जेमतेम करंगळीएवढी धार आली. नळ बंद केला की दिवे पुन्हा लख्ख. बाहेर कंब्रियाचा पाऊस, आत दोन मुलं. मी बॅटरीला दोष दिला आणि शंभरेक पौंड घालून नवी आणली. दिवे तसेच मिणमिणले.

मग मल्टिमीटर काढला. नवी बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवत होती. पंपाच्या तारांवरही तेवढेच. इथेच माणूस फसतो. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे एका केसाएवढ्या तांब्यावर टिकलेला सांधासुद्धा त्याला ठणठणीत दिसतो. खरी परीक्षा लोड आल्यावर होते. मुलीला नळ सोडून धरायला लावला आणि पुन्हा मोजलं. बॅटरीवर 12.4, पंपावर 8.9. मीटरची एक पिन बॅटरीच्या काळ्या टोकाला आणि दुसरी पंपाच्या काळ्या तारेला लावली. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं होतं. दिसले 3.1 व्होल्ट. म्हणजे साडेतीन व्होल्टांतले तीन, पंप आणि दिवे यांच्या सामायिक परतीच्या तारेतच कुठेतरी मुरत होते.

ती जागा पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात सापडली. तुमचा सांधा. दोन तारा बोटांनी पीळ देऊन जोडलेल्या, वर काळी चिकटपट्टी, थिंबल नाही की डाग नाही. पट्टी सोडवली तर ओलसर चिकट गोंद आणि त्याखाली हिरवा गंज. तांबं असं राहिलंच नव्हतं. पंप 4 ॲम्पिअर ओढतो असं धरलं, तर त्या नखाएवढ्या जागेत सुमारे 12 वॉट उष्णता निघत होती, प्लायवूडला टेकून.

हा तुमचा आळस होता, आणि आळस मी माफ केला असता. पण फ्यूजबॉक्समध्ये जे सापडलं ते माफ करणार नाही.

पंपाच्या 10 ॲम्पिअर फ्यूजला तुम्ही चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. का, हे शोधायला मला आणखी एक दिवस लागला. पलंगाच्या वर दिवा बसवताना तुम्ही मारलेला एक स्क्रू पंपाच्या लाल आणि काळ्या तारांच्या मधून गेला होता. गाडी खड्ड्यातून गेली की दोन्ही तारा त्या स्क्रूला टेकायच्या, शॉर्ट व्हायचा, फ्यूज उडायचा. तो फ्यूज दर वेळी तुम्हाला सांगत होता की इथे काहीतरी बिघडलंय. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. आमच्या गावाकडे किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार बांधणारे महाभाग मी पाहिलेत. पण ते निदान स्वतःच्या घरात बांधतात. तुम्ही ती चांदी दुसऱ्याच्या लेकरांच्या उशाशी ठेवून विकलीत.

फ्यूज पंपासाठी नसतो, तारेसाठी असतो. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त राहिला असाल. पण बॅटरीला शॉर्ट मिळाला की ती शेकडो ॲम्पिअर ओतू शकते. बारीक तारेचं प्लॅस्टिक वितळायला फार वेळ लागत नाही. बाहेरच्या 230 व्होल्टच्या जोडणीवरचा 30 मिलिॲम्पिअरचा आरसीडी बॅटरीच्या या बाजूकडे बघतही नाही. भिंतीत प्लायवूड आणि फोम, आणि बाहेर पडायला दरवाजा एकच.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दरवर्षी चाचणी सक्तीची आहे, कॅरॅव्हॅनला नाही. वायरिंगच्या ब्रिटिश नियमांत तीन वर्षांतून एकदा, आणि वापर जास्त असेल तर दरवर्षी, तपासणी करावी एवढी सूचना आहे. ती पाळली की नाही, हे विचारायला दारात कोणी येत नाही. सगळं विकणाऱ्याच्या इमानावर. तुम्ही ते दहा पेन्सांच्या फ्यूजसाठी विकलंत.

स्क्रू काढला. तारा बदलल्या, सांधे थिंबल घालून दाबून घेतले, त्यांवर नळी चढवली. आता नळ सोडला तर काळ्या तारेवर 0.1 व्होल्ट दिसतात आणि दिवे हलत नाहीत. फ्यूज 10 ॲम्पिअरचाच आहे.

सौद्याच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, आता नातवंडांना घेऊन फिरायला मोठी कॅरॅव्हॅन घेतली आहे. तिचा फ्यूजबॉक्स आज उघडा. त्यात कुठे चांदी असेल, तर ती काढून कारण सापडेपर्यंत त्या पोरांना तिच्यात झोपवू नका.

तुमची कॅरॅव्हॅन विकत घेणारा