मूळ गायक हाजिर हो!

(रंगमंचावर वेताची एक खुर्ची आणि तांब्याभांडे. मागे काळा पडदा. नट उपरणे सावरीत येतो, खुर्चीकडे संशयाने पाहतो आणि उभाच राहतो.)

रसिकहो, माझ्या आयुष्याचा जो काळ मी चित्रपटगृहांच्या अंधारात घालविला, त्याचा हिशेब उद्या चित्रगुप्ताने मागितलाच, तर मी त्याच्यापुढे उलट एक तक्रार-अर्ज गुदरणार आहे. आणि तो संगीतपटांविरुद्ध आहे. गाण्याशी माझे वैर नाही. ज्या घरात पहाटेची भूपाळी आणि रात्रीचे भांडण ही दोन्ही काळी चारमध्येच चालत, त्या घरात मी वाढलो.

माझे चित्रपटविषयक शिक्षण झाले ते आमच्या अण्णांच्या देखरेखीखाली. अण्णा म्हणजे माझे चुलते, न्यायालयातले निवृत्त शिरस्तेदार. ते कचेरीतून निवृत्त झाले. कचेरी त्यांच्यातून झाली नाही. पडद्यावर नायक-नायिकेने एकमेकांकडे पाहून श्वास ओढला आणि वाद्यवृंद सुरू झाला, की अण्णा घसा खाकरून जाहीर करीत — (नाकातून) ‘काम तहकूब!’ — आणि शेंगा सोलू लागत. १९७० साली ‘मेरा नाम जोकर’ आला. त्यात मध्यंतरे दोन! दुसऱ्या मध्यंतराला अण्णा उठले. (नाकातून) ‘हा दिवाणी दावा आहे. पुढचा भाग वारसांनी पाहावा.’

एकदा मॅटिनीला आम्ही ‘पेंट युवर वॅगन’ पाहिला. १९६९ सालचा. कॅलिफोर्नियात सोने खणणारे लोक, दोन नवऱ्यांत एक बायको, एवढा ऐवज हाताशी असताना माणसाने कंटाळा आणावा तरी कसा, अशा विवंचनेत मी असताना ली मार्विन गाऊ लागला. स्वतःच्या आवाजात! त्यापाठोपाठ क्लिंट ईस्टवुड, तोही स्वतःच्याच! विहिरीवरचा रहाट तेलावाचून जे बोलतो, ते ली मार्विन सुरात बोलत होता. आणि इंग्लंडात म्हणे त्या गाण्याची तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली. अण्णांनी निकाल दिला — (नाकातून) ‘आवाज आरोपीचा स्वतःचाच असल्याचे शाबीत. शिक्षा आम्हांला.’

बरे, दुसऱ्याचा आवाज घ्यावा तर ‘माय फेअर लेडी’. १९६४. ऑड्री हेपबर्न दिसते कशी, तर आरतीतल्या निरांजनासारखी. पण तिची बहुतेक गाणी गायिली मार्नी निक्सन या बाईने. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, आणि श्रेयनामावलीत मार्नीचे नाव नाही. आठ! त्यांतले एखादे भांडे तरी त्या बाईच्या घरी...

(थांबतो. पाणी पितो.)

माझा आवाज चढला, नाही? त्याला कारण आहे. आमच्या वाड्याच्या गणेशोत्सवातील मेळ्यात कृष्णाचे काम खजिनदारांच्या चिरंजिवांना मिळाले होते. रूप असे की साक्षात बालगंधर्वांनी शालू उसना द्यावा, आणि आवाज असा की फरशीवरून लोखंडी खाट ओढावी. तेव्हा पुढे चिरंजीव ओठ हलवीत, आणि मागे काळ्या पडद्याआड, पेटीवाल्याच्या कोपराला कोपर लावून, डासांचे यथासांग भोजन होऊन, गात असे मी. शेवटच्या दिवशी चिरंजिवांना गायनाबद्दल चांदीचा पेला देण्यात आला. मला खिरापतीचा दुसरा द्रोण.

म्हणून ‘पडोसन’ हा चित्रपट मला विनोदी वाटण्याआधी न्याय्य वाटतो. १९६८ साल. खिडकीत सुनील दत्त तोंड हलवतो, आड लपून किशोरकुमार गातो, आणि समोरची सायरा बानू मोहित होते. हिंदी चित्रसृष्टीने जे गुपित इतकी वर्षे पोटात ठेवले, ते तिने इथे स्वतःच खिडकी उघडून दाखविले! मेहमूदच्या तोंडी मन्ना डे, म्हणजे शास्त्रोक्त तालमीतला गळा. तो इथे गाण्याच्या जुगलबंदीत हरतो, आणि ज्याने रीतसर गंडा बांधला नाही तो किशोरकुमार जिंकतो. यातले गाणे काढा. कथाच उरत नाही. त्या गाण्याला अण्णांनी काम तहकूब केले नाही. शेंगा मुठीतच राहिल्या.

आणि ‘सिंगिंग इन द रेन’! १९५२. शेवटी चित्रपटातली एक बेसूर नटी रंगमंचावर ओठ हलवते आहे, पडद्याआड बिचारी डेबी रेनल्ड्स गाते आहे, आणि तिघेजण दोर ओढून तो पडदा वर नेतात. आता, त्याच चित्रपटात डेबीलाही गाण्यासाठी बेटी नॉइस या बाईचा आवाज उसना दिला होता, ही बातमी मला पुष्कळ पुढे कळली. अण्णांना कळती तर म्हणते — (नाकातून) ‘खोट्या साक्षीदाराला खोटा जामीन!’ असो. तो पडदा वर गेला मात्र, आमचे अण्णा खुर्चीवर उभे राहिले, आणि पट्टेवाल्याच्या खड्या आवाजात त्यांनी पुकारा केला —

(खुर्चीवर चढतो) ‘मूळ गायक... हाजिर हो!’

डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला. ‘कोण गायक? तिकीट आहे का त्याच्याकडे?’

अण्णांनी माझ्याकडे बोट केले. ‘हा.’

बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर पडला. सगळे चित्रपटगृह मान वळवून माझ्याकडे पाहू लागले.

(खाली उतरतो. हळू) डोळे दिपले म्हणून पाणी आले, असे मी सांगत असतो. मी म्हटले, ‘अण्णा, तुम्हांला ठाऊक होते?’

‘घरचा गळा ओळखू येत नाही होय रे?’

‘मग पेला दिला त्या वेळी तुम्ही हरकत का नाही घेतलीत?’

(नाकातून) ‘तीन वर्षांची वर्गणी थकली होती आपली. थकबाकीदारास हरकतीचा अधिकार नाही.’

डोअरकीपरने दोघांनाही बाहेर काढले.

तर आता, मंडळी, त्या पेल्याची भरपाई म्हणून एक पद सादर करतो.

(हात छातीशी. ओठ हलतात. काळ्या पडद्याआडून सुरेल आलाप येतो. नट मध्येच थांबतो; आलाप चालूच राहतो. नट ओशाळून विंगेकडे जातो.)

अरे, थांबव त्याला! जाहिरातीत एकपात्री छापले आहे... आणि हो, त्याची वर्गणी भरलेली आहे ना रे?

(पडदा.)